कांद्याचा भाव बांधता, मग विमानाच्या तिकिटाला मर्यादा का नाही?

प्रति,
मा. राज्यमंत्री,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

साहेब, मी निफाड तालुक्यातला शेतकरी. कांदा आणि थोडी द्राक्षबाग. ओझरची, म्हणजे नाशिकच्या विमानतळाची धावपट्टी आमच्या मळ्यापासून फार लांब नाही. तिथला एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना 1964 सालचा, त्यामुळे आमची अख्खी पिढी मिग विमानांच्या आवाजात वाढली. शाळेत विमान डोक्यावरून गेलं की गुरुजी बोलायचे थांबायचे आणि आवाज विरला की पुढचं वाक्य सुरू करायचे. इतकी वर्षं विमानं डोक्यावरून गेली, पण त्यात बसायची वेळ माझ्यावर आली ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. ती कशी आली आणि तेव्हा काय मोजावं लागलं, त्याबद्दल हे पत्र आहे. आपण पुण्याचे, म्हणून मनातलं मराठीत लिहितो आहे.

दिवाळी 2025. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या रात्री साडेदहाला बंगळूरहून जावईबापूंचा फोन आला. लेकीला सातवा महिना सुरू होता. अचानक रक्तस्राव झाला, दवाखान्यात दाखल केलं होतं आणि रात्रीतून बाळ काढावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. जावयाच्या घरी वडीलधारं कुणी नाही. सौ. तेवढं ऐकून पिशवी भरायला लागली.

मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस जाते, पण दिवाळीच्या परतीच्या गर्दीत तिची वेटिंग लिस्ट शेकड्यात होती. जागा मिळाली असती तरी पोहोचायला जवळपास एक दिवस गेला असता. पुतण्यानं मोबाइल काढला. ओझरहून निघणाऱ्या विमानात जागा शिल्लक नव्हती. मुंबईहून सकाळच्या एका विमानात होती, माणशी 11,640 रुपये. मी म्हटलं, काढ. त्यानं आमची नावं भरली, सौ.च्या आधार कार्डावरचं नाव आणि मी सांगितलेलं नाव जुळेना म्हणून कपाटातून कार्ड शोधून आणलं. तेवढ्यात त्या पडद्यावर आकडा बदलला होता. 13,210. पुतण्या म्हणाला, "काका, आता विचार करत बसलो तर अजून वाढेल." दोन तिकिटांचे 26,420 झाले. शेजारी बसायचं तर जागेचे पैसे वेगळे. सौ. पहिल्यांदा विमानात बसणार होती, आणि लेकीच्या काळजीनं तिचे हात थरथरत होते. तिला एकटी कशी बसवणार? तेही भरले. मग रात्री दीड वाजता गाडी ठरवून घोटी, इगतपुरी, कसारा करत मुंबई गाठली, तिचे पाच हजार.

त्या आठवड्यात आमच्या कांद्याला क्विंटलला 1,050 रुपये भाव मिळाला होता. दोन तिकिटांत पंचवीस क्विंटल कांदा गेला. ज्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली पाहिली आहे, त्यांना हा हिशोब वेगळा सांगायला नको. उन्हाळ कांद्याची रोपं टाकण्यापासून लागवड, निंदणी, काढणी, कांदाचाळीत साठवण, आणि सप्टेंबरनंतर चाळीत सडलेला कांदा निवडून फेकणं, एवढं सगळं झाल्यावर जी ट्रॉली भरते, ती दोन तासांच्या प्रवासात संपली.

विमानात माझ्या बाजूला एक तरुण होता. बोलता बोलता कळलं, त्यानं तिकीट दोन महिने आधी काढलं होतं, 4,300 रुपयांत. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला सुट्टी आधी ठाऊक होती, त्यानं शहाणपणानं आधी तिकीट काढलं. पण आमच्या लेकीला रक्तस्राव होणार हे दोन महिने आधी कोण सांगणार होतं? दवाखाना, अंत्यविधी, परीक्षेची अचानक बदललेली तारीख, यांपैकी काहीच आगाऊ कळत नाही. आणि तिकीट सगळ्यात महाग विकलं जातं ते नेमकं याच माणसांना.

हे भाडं कसं ठरतं, ते मी परत आल्यावर समजून घेतलं. विमानातल्या जागा कंपनी वेगवेगळ्या दराच्या गटांत वाटून ठेवते. स्वस्त गट आधी उघडतो, तो संपला की पुढचा, आणि मागणी पाहून संगणक पुढचे गट उघडतो किंवा बंद करतो. 1994 साली जुना कायदा गेला, खासगी कंपन्यांना रीतसर परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून भाडं ठरवणं कंपनीच्या हाती आहे. नियमात 'वाजवी नफा' असा शब्द होता, पण वाजवी म्हणजे किती, हे कुणी आकड्यात लिहिलं नाही. कंपन्यांचं दरपत्रक त्यांच्या संकेतस्थळावर असतं, पण त्यातला खालचा आणि वरचा आकडा यांत इतकं अंतर की त्यातून सामान्य माणसाला काहीच उलगडत नाही.

आमच्या लासलगावच्या बाजार समितीत माल आला की लिलाव उघड्यावर होतो. व्यापारी सगळ्यांसमोर बोली बोलतात, शेतकरी तिथेच उभा असतो, भाव पटला नाही तर ट्रॉली वळवून दुसऱ्या बाजारात नेतो. बाजार समितीबद्दल आमच्या तक्रारी कमी नाहीत, पण भाव का पडला हे तिथं कानानं ऐकू येतं. माझ्या तिकिटाचे 11,640 चे 13,210 कुणी केले, त्या दहा मिनिटांत नेमकं काय महागलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

साहेब, आता मुद्द्यावर येतो. भाडं बाजार ठरवतो, सरकारनं त्यात पडू नये, असं सांगितलं जातं. हे वाक्य नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पटवणं फार अवघड आहे. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, तेव्हा आमच्या बाजार समित्या निषेधात बंद राहिल्या. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद झाली, ती थेट मे 2024 मध्ये उघडली आणि तीही किमान निर्यात दर आणि 40 टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्णपणे निघालं ते 1 एप्रिल 2025 ला. कांदा शहरात महाग झाला की ग्राहकाला त्रास होतो, म्हणून सरकार बाजारात हात घालतं, आमचा भाव खाली आणतं. त्याबद्दल मी इथं भांडायला आलेलो नाही, त्याची जागा वेगळी. मला एवढंच विचारायचं आहे की ग्राहकाचं हित पाहून पिकवणाऱ्याचा भाव बांधता येतो, तर तोच शेतकरी ग्राहक म्हणून तिकिटाच्या खिडकीवर उभा राहतो तेव्हा त्याचं हित पाहणारं कोण?

बाकीच्या वाहनांना तर मर्यादा आहेच. एसटीचं भाडं टप्प्याप्रमाणे ठरलेलं. जानेवारी 2025 मध्ये ते 14.95 टक्के वाढलं तेव्हा लोक चिडले, पण आकडा सगळ्यांना माहीत होता आणि मळ्यातल्या मजुराला आणि साहेबाला तोच होता. दिवाळीत खासगी बसवाले अडवून पैसे घ्यायचे, म्हणून महाराष्ट्र सरकारनं 2018 मध्ये नियम केला की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्याची अंमलबजावणी ढिली आहे, पण तक्रार करायला हातात कागद तरी आहे. रेल्वेनं सप्टेंबर 2016 मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला मागणीप्रमाणे चढणारं भाडं आणलं. त्यालाही दीडपटीची अट ठेवली, पुढे ती 1.4 पटीवर आणली. मोबाइलवरून बोलावायच्या टॅक्सीला केंद्रानंच 2025 मध्ये मूळ भाड्याच्या दुपटीची सीमा घातली. रस्त्यावर दीडपट, रुळावर दीडपटीच्या आत, टॅक्सीला दुप्पट. वर आकाशात मात्र पट मोजणारं कुणी नाही.

आणि मंत्रालयाला हे करता येत नाही असंही नाही. करोनानंतर 25 मे 2020 ला विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा आपल्याच मंत्रालयानं प्रवासाच्या वेळेप्रमाणे किमान आणि कमाल भाडं ठरवून दिलं होतं. ते 31 ऑगस्ट 2022 पर्यंत लागू होतं. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर बॅगांवर डोकं ठेवून झोपले, उरलेल्या तिकिटांचे भाव भडकले. तेव्हा मंत्रालयानं तातडीनं कमाल भाडं जाहीर केलं. 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000. निर्णय चांगला होता आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. पण तो आला तोपर्यंत कित्येकांनी कर्ज काढून तिकिटं घेतली होती. देशावर संकट आलं की मर्यादा लागते. एका घरावर येतं तेव्हा ती नसते, आणि त्या घराला तेच संकट देशाएवढं असतं.

कंपन्यांची बाजू मी ऐकली नाही असं नको. विमानाचं इंधन हा त्यांचा सगळ्यात मोठा खर्च. ते अजून जीएसटीत नाही, त्यावर राज्याराज्यांचा व्हॅट वेगवेगळा. महाराष्ट्रानं 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमधला हा व्हॅट 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. तो अजून कमी व्हावा, इंधन जीएसटीत यावं, ही मागणी रास्त आहे आणि ती राज्यांशी बोलून आपणच पुढे रेटू शकता. विमानं भाड्यानं घेतलेली असतात, ते भाडं डॉलरमध्ये, रुपया घसरला की खर्च वाढतो. विमानतळाचं शुल्क, सरकारचा कर, सुरक्षेचा खर्च, हे तिकिटातच येतं. मान्य. डिझेल महागलं की माझ्या नांगरटीचा खर्च वाढतो, तसाच त्यांचाही वाढतो. पण खर्चानं वाढलेलं भाडं सगळ्या जागांना सारखं वाढेल. एका रांगेत 4,300 आणि 13,210 हा फरक इंधनाचा नाही, गरजेचा आहे. ज्याची गरज मोठी, त्याच्याकडून जास्त.

मर्यादा घातली तर कंपन्या लहान शहरं सोडून जातील, ही भीती मलाही आहे. ओझरनं ते भोगलंय. 2014 मध्ये जानोरीच्या बाजूला प्रवासी इमारत उभी राहिली आणि बरीच वर्षं ती बहुतेक रिकामीच होती. लहान शहरं विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत डिसेंबर 2017 मध्ये मुंबई-पुण्यासाठी छोटं विमान सुरू झालं तेव्हा गावातली पोरं बघायला गेली होती. ते फार टिकलं नाही. त्यानंतर एकेक सेवा आली आणि गेली. हे फक्त आमचं रडगाणं नाही. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात लिहिलंय की उडानमध्ये दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यापुढे टिकले ते फक्त 54. मार्च 2023 नंतर ओझरहून गोवा, अहमदाबाद, नागपूर, पुढे दिल्ली, बंगळूर, हैदराबादची विमानं नियमित झाली, तेव्हा कुठं नाशिककरांना विमानतळ आपला वाटायला लागला. तो परत रिकामा व्हावा असं मला कसं वाटेल?

म्हणूनच मी भाडं गोठवा म्हणत नाही. कांद्याचा भाव गोठवला की काय होतं ते आम्ही जाणतो. चढ-उतार राहू द्या. स्वस्त तिकीट आधी काढणाऱ्याला मिळू द्या. फक्त वरच्या टोकाला एक कुंपण घाला. प्रत्येक मार्गाचं सरासरी भाडं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असतंच, भाड्यांवर नजर ठेवणारा त्यांचा एक विभाग आहे. ती सरासरी दर महिन्याला मार्गवार जाहीर करा आणि तिच्या अमुक पटीपेक्षा वर जाता येणार नाही असा कायमचा नियम करा. दीडपट कमी वाटत असेल तर दुप्पट करा, पण आकडा लिहून द्या. ज्या मार्गावर एकच कंपनी उडते तिथं पट कमी ठेवा, कारण तिथं स्पर्धा भाव खाली आणेल असं म्हणायला जागाच नाही. आणि उडानमध्ये निम्म्या जागांना कमाल भाड्याची अट होती, तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपये. त्याच धर्तीवर प्रत्येक विमानात चार-सहा जागा शेवटच्या दिवसापर्यंत सरासरी भाड्यात राखून ठेवा, दवाखान्याचा किंवा मृत्यूचा दाखला दाखवणाऱ्यासाठी. खोटे दाखले येतील, ते पकडा. पण त्या भीतीनं खऱ्याचा रस्ता अडवू नका.

तिकीट रद्द करण्याबद्दलही एक ओळ. आम्ही आठ दिवसांनंतरचं परतीचं तिकीट काढलं होतं. बाळ काचेच्या पेटीत होतं, तिथून निघणं शक्य नव्हतं, म्हणून रद्द केलं. हातात आले ते कराचे आणि विमानतळ शुल्काचे पैसे. मूळ भाडं पूर्ण कापून घ्यायला नियमानं मुभा आहे, असं सांगण्यात आलं. हा नियम कुणाच्या बाजूनं लिहिला आहे ते एकदा तपासून पाहा.

आता सगळ्यात तातडीचं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027, दुसरं 31 ऑगस्ट, तिसरं नाशिकला 11 आणि त्र्यंबकला 12 सप्टेंबर. 2025 च्या महाकुंभात प्रयागराजच्या तिकिटांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. भाडी इतकी चढली की सरकारला मध्ये पडून कंपन्यांना दर आवरायला आणि विमानं वाढवायला सांगावं लागलं. तिथं जे धावतपळत करावं लागलं ते नाशिकसाठी आधी करता येईल. तारखा आजच ठाऊक आहेत. कुठल्या दिवशी रामकुंडावर मुंगीला शिरायला जागा नसेल हे पंचवटीतलं लहान पोरही सांगेल. मग ओझर, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या विमानतळांसाठी त्या दिवसांच्या अलीकडे-पलीकडे आठ दिवसांचं कमाल भाडं ध्वजारोहणाआधीच का जाहीर होऊ नये? जास्तीच्या उड्डाणांची परवानगी, रात्री विमानं उभी करायला जागा, सगळं आत्ता ठरलं तर कंपन्यांनाही वेळ मिळेल आणि त्यांचा धंदाही होईल. गोदावरीवर येणारा भाविक केरळचा असो की आसामचा, तो नाशिकचा पाहुणा. पाहुण्याला वाटेत नागवलं गेलं, तर मान आमची खाली जाते.

शिवाय हेच सहा आठवडे आमच्यासाठीही आहेत. त्या दिवसांत नाशिकच्या कुणाच्या घरी बाहेरगावाहून फोन आला तर त्यानं काय करायचं? सगळ्या जागा भाविकांनी भरलेल्या, रस्ते बंद, भाडं आकाशाला भिडलेलं. स्थानिकांसाठी राखीव जागांचा विचार निदान तेवढ्या काळापुरता व्हावा.

माझी नात जन्मली तेव्हा 1,400 ग्रॅमची होती. अडतीस दिवस पेटीत होती. सौ. तिथं होती म्हणून लेक सावरली, असं डॉक्टरही म्हणाले. त्या रात्री माझ्याकडे पैसे होते, कारण दिवाळीआधी थोडा माल विकला होता. चाळीत माल तसाच पडलेला असता तर सौ. पोहोचली नसती. आमच्या गावात अशी घरं पुष्कळ आहेत, ज्यांची मुलं हैदराबाद, बंगळूर, दिल्लीला नोकरीला आहेत आणि ज्यांच्याकडे रात्री साडेदहाला तीस हजार रुपये नसतात.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक नातीला घेऊन पहिल्यांदा माहेरी येते आहे. ओझरला उतरणाऱ्या विमानाची तिकिटं आम्ही दोन महिने आधीच काढून ठेवली आहेत, स्वस्तात मिळाली. मी मळ्यातूनच तिचं विमान बघणार आहे.

उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला नम्र,
निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक, जि. नाशिक